जुनी गाडी, ताजे रबर

जुन्या मोटरसायकलींच्या दुनियेत सुट्या भागांची एक ठरलेली उतरंड आहे. मूळ कारखान्यातला, त्याच काळातला, खोक्याबाहेर न पडलेला भाग सगळ्यांत वरचा. त्याच काळातला वापरलेला पण धड भाग त्याच्या खाली, आणि आज कुणी तरी घडवलेली नक्कल तळाला. कार्ब्युरेटर, मॅग्नेटो, हेडलाइटची काच, टाकीवरचा बिल्ला, सगळ्यांना ही उतरंड चालते, आणि वर्षानुवर्षे तिच्यावर विसंबलेल्या माणसाला टायरही त्याच हिशेबाने शोधावासा वाटतो. चाळीस वर्षांपूर्वीचा, नक्षी जशीच्या तशी, वर डनलॉपची ठसठशीत अक्षरे, असा न वापरलेला टायर एखाद्या गोदामात मिळाला, तर घबाड मिळाल्याचा आनंद होतो. माझे म्हणणे असे की टायरच्या बाबतीत ही उतरंड साफ उलटी धरावी. गाडीवरचा हा असा भाग आहे की तो जितका अस्सल जुना, तितका निकामी. त्यामुळे जुन्या गाडीला टायर मिळेल का, या प्रश्नाचे उत्तर जुन्या मालाच्या बाजारात सापडत नाही. त्या मापाचा टायर आज, या वर्षी, कुठल्या तरी कारखान्यात भाजला जातो आहे का, यावर सगळे ठरते.

यामागचे कारण रबराच्या स्वभावात आहे. टायर साच्यात भाजला जातो तेव्हा गंधकाच्या मदतीने रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. ही बांधणी कारखान्यातून बाहेर पडल्यावरही पूर्ण थांबत नाही. उष्णतेने आणि प्राणवायूने रबर सावकाश कडक होत जाते, आणि हवेतला ओझोन पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो. त्यापासून बचाव म्हणून कारखाना रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळतो, पण ती आतून पृष्ठभागाकडे झिरपत राहावीत यासाठी टायरने फिरायला, दबायला, वाकायला हवे. म्हणून ‘आमची गाडी वर्षातून दोनदाच रॅलीला निघते, टायर झिजतोच कुठे?’ हा युक्तिवाद टिकत नाही. झीज हे टायर संपण्याचे एक कारण झाले. उभ्या गाडीचा टायर दुसऱ्या कारणाने संपतो, आणि एका जागी भार पेलून चपटा होतो तो वेगळाच. कडक झालेल्या रबराची नक्षी शाबूत दिसते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावरच त्याचे खरे वय कळते.

नक्षी आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा धडा ब्रिटनला फार महागात मिळाला. सप्टेंबर २०१२ मध्ये सरे परगण्यातल्या हाइंडहेडजवळ संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या प्रवाशांची बस पुढचा टायर फुटून झाडावर आदळली आणि तिघांचा मृत्यू झाला. तो टायर १९ वर्षांहून जुना होता. मेलेल्यांपैकी एक मुलगा १८ वर्षांचा होता, म्हणजे टायर त्याच्याहून मोठा. पुढे १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या आसावर दहा वर्षांहून जुने टायर वापरायला बंदी आली. यावर जुन्या गाड्यांचे शौकीन लगेच सांगतील की त्याच नियमात बिगरव्यापारी ऐतिहासिक वाहनांना सूट आहे. आहे खरी. पण जुने रबर या वाहनांवर जास्त टिकते असे काही त्या सुटीतून निघत नाही. शिवाय बसला बाकीची चाके असतात. मोटरसायकलचे पुढचे चाक गेले की सावरायला मागे काही उरत नाही.

तेव्हा टायर हातात घेतल्यावर नक्षीच्याही आधी बघायची ती तारीख. २००० पासून टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंक येतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर गेल्या शतकातला, आणि शेवटचा ७ हा १९८७ चा की १९९७ चा हे ठरवत बसण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही उत्तरे सारखीच वाईट. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला काळे पॉलिश चोपडलेला टायर लखलखताना दिसतो. त्या लकाकीखाली भेगा बुजतात. टायर थोडा वाकवून नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि रिमवर बसणाऱ्या कडेजवळ पाहिले की त्या सापडतात. वरून नवी नक्षी चढवलेला रिमोल्ड टायर याच कारणासाठी बाद. वरचे रबर ताजे असले तरी आतले कापड आणि कडेची तार जुनीच राहते.

आता खरा प्रश्न. जुन्या मापाचा ताजा टायर आज कोण आणि कशासाठी बनवील? प्रत्येक मापाला आणि प्रत्येक नक्षीला स्वतंत्र पोलादी साचा लागतो, कच्चा टायर गुंडाळायला त्या मापाचा ढोल लागतो, आणि भाजताना आतून दाब देणारी रबरी पिशवीही त्याच मापाची लागते. एवढा पसारा एका वेळी हजारांनी माल निघत असेल तरच परवडतो. देशभरच्या शौकिनांची मागणी एकत्र केली तरी मोठ्या कारखान्याच्या एका पाळीचे काम भरणार नाही. म्हणून जुन्या गाडीचा टायर शौकिनांच्या जोरावर जगत नाही. तेच माप वापरणारी एखादी कामकरी गाडी रोज रस्त्यावर धावत असेल, तर तिच्या आधाराने तो जगतो. हे एक सूत्र पकडले की कोणत्या गाडीला टायर सहज मिळतो आणि कोणत्या गाडीचा मालक वणवण फिरतो, याचा बराचसा उलगडा होतो.

३.२५-१९ हे माप घ्या: टायर सव्वातीन इंची, रिम १९ इंची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी सुमारे सव्वा लाख बनलेली बीएसए एम २०, नॉर्टन १६ एच, मॅचलेस जी ३ एल, या सगळ्यांच्या दोन्ही चाकांना हेच माप. युद्धानंतर लिलावात निघालेल्या अशा गाड्या भारतात पुष्कळ राहिल्या आणि आजही रॅलींत दिसतात. त्यांना टायर मिळतो याचे श्रेय ब्रिटनला नाही, मद्रासला आहे. १९५५ मध्ये तिथे एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेटने हे माप जे धरले ते पुढे जवळजवळ सात दशके सोडले नाही. पोलीस, लष्कर, दूधवाले, गावचे पाटील, सगळ्यांना तोच टायर लागत होता, म्हणून देशी कारखान्यांना तो बनवणे भागच होते. इंग्लंडमध्ये ज्या गाड्या संग्रहालयात गेल्या, त्यांच्या मापाचा टायर इथे नाना पेठेत मागितला की मिळतो. इतिहासाची ही गंमत बीएसए किंवा नॉर्टनवाल्यांनी बुलेटवाल्यांना नाके मुरडण्यापूर्वी लक्षात ठेवावी.

१८ इंची चाकांचेही असेच झाले. यामाहा आरएक्स १०० (पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८) १९९६ मध्ये बंद झाली, पण २.७५-१८ हे माप हीरो होंडा स्प्लेंडरने खेडोपाडी पोचवले आणि आरएक्सची सोय परस्पर झाली. २१ इंची चाकाची कथा आणखी मजेशीर आहे. १९२० ते ३० च्या सुमाराच्या गाड्यांचे ते उंच, सडपातळ चाक रस्त्यावरच्या गाड्यांतून गेले, पण डोंगरदऱ्यांत चालणाऱ्या गाड्यांनी पुढच्या चाकासाठी ते राखून ठेवले. आज हिमालयन आणि एक्सपल्सच्या पुढच्या चाकाचा ९०/९०-२१ टायर रोज बनतो. नक्षी जाडजूड बटनांची नको असेल तर निवड थोडी आवळते, एवढेच. याउलट २० इंची चाकाला कुणी वारस मिळाला नाही. एडवर्ड टर्नरने घडवलेली ट्रायम्फ स्पीड ट्विन १९३७ मध्ये आली ती पुढे ३.००-२० आणि मागे ३.५०-१९ घेऊन. तिच्या मागच्या टायरचा प्रश्न सुटतो, पुढच्यासाठी परदेशातल्या मोजक्या खास उत्पादकांकडे पाहावे लागते. एकाच गाडीची दोन चाके, पण एक माप जगले आणि एक मेले.

भारतात या बाबतीत सगळ्यांत जास्त हाल झाले ते जावाचे. चेकोस्लोव्हाकियात १९५४ मध्ये आलेल्या जावा ३५३ ने आधीची १९ इंची चाके टाकून १६ इंची घेतली आणि तीच मैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून इथे आणली. माप ३.२५-१६, पुढे-मागे एकच. मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि या मापाला रोजचे गिऱ्हाईक उरले नाही. मोपेडला १६ इंची चाक आहे, पण तिचा टायर अडीच इंची. जावाचा भार आणि वेग त्याच्यावर टाकणे हा वेडेपणा होईल. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परतले तेव्हा आशा वाटली असेल, पण नव्या गाडीला पुढे १८ आणि मागे १७ इंची चाके आली. नाव परत आले, माप नाही. म्हणून जावाचा टायर तुटक-तुटक मिळतो, आणि चेक मिटास कंपनी तो आजही बनवते हे ठाऊक असूनही इथल्या मालकाला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

तो का होत नाही, हे जरा सविस्तर पाहायला हवे, कारण ‘भारतात नसेल तर बाहेरून मागवा’ हा सल्ला फार सहज दिला जातो. बाहेर माल आहे, यात वाद नाही. अमेरिकेत टेनेसीतल्या चॅटनूगाची कोकर कंपनी जुन्या नक्षींचे टायर नव्याने बनवते. जर्मनीत ड्रेस्डेनजवळचा हायडनाऊचा कारखाना आहे. कोरियात टायर बनवणाऱ्या शिंकोने १९९८ मध्ये योकोहामाचे मोटरसायकल टायरचे साचे घेतले आणि जुन्या धाटणीचे टायर चालू ठेवले. पण आपल्याकडे २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने टायरवर आयएसआयची मोहोर सक्तीची केली, आणि १२ जून २०२० रोजी नव्या टायरची आयात, मोटरसायकलच्या टायरसह, परवान्याखाली आणली गेली. दोन्ही नियम स्वस्त आणि निकृष्ट मालाचा लोंढा अडवण्यासाठी आहेत आणि त्यांचा हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. फक्त दोन टायर मागवणारा माणूस आणि दोन कंटेनर मागवणारा व्यापारी या नियमांपुढे एका रांगेत उभे राहतात. वर्षाला मूठभर टायर विकले जाणार असतील तर कोणती परदेशी कंपनी त्यांच्यासाठी आयएसआयची तपासणी करून घेईल? शिवाय बाहेरचा पुरवठाही अढळ नाही. स्पीडमास्टर आणि सेफ्टी मायलेज या जोडीमुळे ब्रिटिश गाड्यांच्या मालकांचे दैवत झालेल्या एव्हनचा मेल्कशमचा शतकाहून जुना कारखाना २०२३ अखेर बंद झाला. आपल्याकडे हुगळीकाठचा साहागंजचा डनलॉप, देशातला पहिला टायर कारखाना, १९३६ चा, त्याचे काम २०११ मध्येच थांबले होते. शिवडीच्या फायरस्टोनचे बॉम्बे टायर्स झाले, मोदीस्टोन झाले आणि मग काहीच राहिले नाही.

मापांची भाषा हा आणखी एक चकवा. तीसपूर्व काळातल्या काही गाड्यांवर २६×३.२५ असे लिहिलेले असते आणि मालक २६ इंची टायर शोधत फिरतो. तो २६ चा आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा आहे. त्यातून दोन्ही बाजूंची सव्वातीन इंची उंची वजा केली की रिम साधारण १९ इंची निघते, म्हणजे हा आपला ओळखीचा ३.२५-१९. तसाच २७×४.०० म्हणजे ४.००-१९. मेट्रिक मापांचा हिशेबही अवघड नाही. ३.२५-१९ चा बाहेरचा व्यास कागदावर सुमारे ६४८ मिलिमीटर, ९०/९०-१९ चा ६४५, आणि १००/९०-१९ चा ६६३. पहिली दोन मापे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की पुढच्या चाकाला ९०/९० घालताना कुणी दचकू नये. तिसरे चालेल की नाही हे मडगार्ड आणि फोर्कमधल्या फटीवर अवलंबून. इथे रिमची रुंदीही पाहावी लागते. जुन्या डब्ल्यूएम-२ रिमची आतली रुंदी १.८५ इंच. तिच्यावर अवाढव्य टायर चढवला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि रस्त्याला लागणारा भाग उलट कमी होतो. रुंद टायरने पकड वाढते, हा समज त्या रिमपुरता तरी खोटा आहे. आणि आऱ्यांच्या रिमवर टायरवर ट्यूबलेस लिहिले असले तरी ट्यूब घालावीच लागते. नवी ट्यूब, आऱ्यांच्या टोकांवर नवी रबरी पट्टी आणि थोडे शंखजिरे, हा खर्च टायरच्या खर्चातच धरावा.

१९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांवरचे बीडेड एज टायर मात्र या हिशेबात बसत नाहीत. त्यांच्या कडेत तार नसते. रबराची जाड कड रिमच्या वळलेल्या ओठात अडकते आणि ती तिथे राहते ती केवळ आतल्या हवेच्या दाबाने. दाब उतरला की टायर रिमवरून सरकतो किंवा निसटतो. यासाठी जुना टायर वापरणे म्हणजे निव्वळ आत्मघात. ताजा मिळत नसेल तर तारेच्या टायरची रिम बसवावी किंवा गाडी दालनात उभी ठेवावी. मधला मार्ग मला दिसत नाही.

अस्सलपणाचा आक्षेप सगळ्यांत जोरदार येतो, आणि तो हलक्यात घेऊ नये. जुन्या गाडीचे मोल तिच्या मूळ रूपात असते. नव्या मापाचा, नव्या नक्षीचा टायर घातला की डोळ्याला खटकतो, हे खरे आहे. पुढे सरळ रेघांचा आणि मागे ठोकळ्यांचा टायर ही जोडी पन्नाशीतल्या गाडीच्या चेहऱ्याचाच भाग असते. पण जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, त्यांतही मूळ रूप जपण्याची अट चासी, बॉडी आणि इंजिन यांच्याभोवती बांधलेली आहे. टायर हा तेलासारखाच खर्ची पडणारा माल आहे आणि कारखान्यातून निघालेल्या गाडीनेही पहिल्या काही वर्षांतच मूळ टायर टाकून दिलेले असतात. चाळीस वर्षांपूर्वीचा डनलॉप चढवून जपलेला अस्सलपणा हा गाडीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या जोडीचा असतो. तेव्हा माझा क्रम असा: आधी रिमचे माप, मग भार आणि वेगाचे चिन्ह, मग तारीख, मग उंची आणि रुंदी, आणि हे सगळे जुळल्यावर नक्षी. ५४पी लिहिलेला टायर २१२ किलो आणि ताशी १५० किलोमीटरपर्यंत चालतो. बहुतेक जुन्या गाड्यांना एवढे पुरते. नक्षी हुबेहूब पण बाकीचे चुकलेले, असा टायर प्रदर्शनात स्टँडवर उभ्या गाडीला शोभेल, आणि तिथे तो वापरायला माझी हरकत नाही.

रिमच बदलण्याला शुद्धतावाद्यांचा विरोध असतो. जावापुरता तो मला अतिरेकी वाटतो. ३.२५-१६ चा बाहेरचा व्यास सुमारे ५७२ मिलिमीटर, ३.००-१७ चा ५८४. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा, त्रिज्येत सहा मिलिमीटर. मडगार्ड उचलावा लागत नाही, स्पीडोमीटर फारसा खोटे बोलत नाही, आणि १७ इंची टायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. मूळ हबवर आखूडऐवजी लांब आरे घालून नवी रिम विणायची, भाराचे चिन्ह तपासायचे, आणि जुनी रिम आऱ्यांसकट जपून ठेवायची. उद्या टायर मिळाला की चाक पुन्हा १६ इंची करता येते. फ्रेम कापणे, हब बदलणे, मिश्रधातूची चाके बसवणे यांतून असे माघारी फिरता येत नाही, म्हणून त्यांना माझा विरोध कायम आहे.

राहता राहिला ३.२५-१९, ज्याच्या भरवशावर सगळे निर्धास्त आहेत. २०२३ मध्ये नवी बुलेट ३५० आली ती पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८ टायर घेऊन. कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाडीची मागणी त्या वर्षी संपली. रस्त्यावरच्या जुन्या बुलेट आणखी बरीच वर्षे हे माप जिवंत ठेवतील, पण त्या कमी होत जातील तसा एकेक कारखाना आपला साचा फळीवर टाकील. आजच दहा जोड्या घेऊन माळ्यावर ठेवाव्यात, असे कुणाच्या मनात आले तर त्याने तारखेचे चार अंक आठवावेत; दहा वर्षांनी त्या दहाही जोड्या जुन्या झालेल्या असतील. हाच माल साठवता येत नाही, आणि म्हणून इथे एकट्याने करण्यासारखे फार थोडे आहे. जावाच्या, बुलेटच्या, ब्रिटिश गाड्यांच्या मंडळांनी सभासदांची मागणी आधी गोळा करून, साचा शाबूत आहे तोवर, चार-पाच वर्षांतून एकदा त्या मापाची एक खेप भाजून घेण्याची बोलणी देशी कारखान्यांशी करावी. सिएटचा दुचाकींच्या टायरचा कारखाना नागपूरला आहे, टीव्हीएसचा मदुराईला. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारला जाईल: किती जोड्या, आणि पैसे आगाऊ का?